चालवणं हा जोडधंदा

जुनी इटालियन मोटारसायकल बाळगणाऱ्या माणसाचे मुख्य उद्योग दोन. पहिला ती दुरुस्त करणं, दुसरा तिचं शूटिंग करणं. चालवणं हा जोडधंदा. वरच्या दोहोंतून वेळ उरला, ऊन पडलं आणि बायकोला सुट्टी असली, तर करायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरी अशी एक मोटारसायकल आहे आणि तिच्या मालकाशी माझं रीतसर लग्न झालेलं आहे. टॉर्च धरणे, पाना देणे, "तो नाही गं, त्याच्या शेजारचा" हे ऐकून घेणे आणि घाटातल्या वळणावर मोबाइल धरून उभे राहणे, ही खाती माझ्याकडे आहेत.

आम्ही राहतो उत्तर इटलीत, लेक्कोला. कोमो सरोवराला दक्षिणेकडे दोन फाटे फुटतात, त्यातल्या पूर्वेच्या फाट्याच्या टोकाला हे गाव. तिथून काठाकाठाने दहाएक किलोमीटर वर गेलं की मांदेल्लो देल लारिओ लागतं. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ग्रिन्या डोंगराचे कडे आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत मोतो गुत्सीचा कारखाना. १९२१ पासून तिथे मोटारसायकली होतात. नवऱ्याला मिलानजवळ नोकरी लागली तेव्हा राहायला अलीकडे पलीकडे पुष्कळ गावं होती. लेक्कोची हवा चांगली आहे, एवढंच मला सांगण्यात आलं. हवा चांगलीच आहे. फक्त तिला पेट्रोलचा वास येतो.

या कंपनीच्या जन्माची कथा आमच्या घरी सत्यनारायणाच्या पोथीच्या भक्तीने सांगितली जाते. आलेल्या पाहुण्याला ती चुकत नाही. पहिल्या महायुद्धात इटालियन नौदलाच्या विमानदळात तिघांची मैत्री झाली. कार्लो गुत्सी हा यंत्रांतला, जोर्जो पारोदी आणि जोव्हान्नी राव्हेल्ली हे दोघे वैमानिक. युद्ध संपलं की मोटारसायकली काढायच्या असं ठरलं. राव्हेल्ली युद्धातून वाचला आणि १९१९ साली विमान अपघातात गेला. त्याची आठवण म्हणून टाकीवर पंख पसरलेला गरुड आला, तो आजही आहे. पैसे आले पारोदीच्या वडिलांकडून. हे जिनोआचे जहाजमालक. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी मुलाला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. प्रयोगासाठी दीड-दोन हजार लिरा देतो, पण आकडा त्यापुढे अजिबात जाता कामा नये. आराखडा मी स्वतः तपासणार. पसंत पडला, तर मात्र पुढे खर्चाला मर्यादा नाही. माझ्या मते जगातल्या कुठल्याही उद्योगाला मिळालेलं हे सर्वांत शहाणं पत्र आहे. नवऱ्याने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं पाठ केलं आहे.

पहिल्या वर्षी त्या कारखान्यातून सतरा गाड्या बाहेर पडल्या. पुढे शर्यती आल्या, विश्वविजेतेपदं आली, आणि १९५५ साली ज्युलिओ चेझारे कार्कानो नावाच्या इंजिनिअरने पाचशे सीसीच्या मोटारसायकलला आठ सिलिंडर बसवले. ती ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास धावायची, त्या काळच्या टायरांवर आणि त्या काळच्या ब्रेकांवर. कारखान्याच्या आवारातल्या संग्रहालयात ती उभी आहे. तिच्यासमोर नवरा बराच वेळ स्तब्ध उभा राहतो आणि मी बाकड्याच्या शोधात असते.

आमची त्यामानाने संसारी आहे. १९७८ ची ८५० टी-३. नावातला तीनचा आकडा तीन डिस्क ब्रेकांचा. त्यांची मांडणी अशी की पायाचा ब्रेक दाबला तर मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क एकदमच लागतात. हाताच्या ब्रेककडे उरते पुढची उजवी एकटी. इतर गाड्या चालवलेल्या माणसाला हे उफराटं वाटतं. दहा मिनिटं चालवली की पटतं, आणि मग तो भेटेल त्याला पटवत सुटतो. इंजिन ८४४ सीसीचं, दोन सिलिंडरांचं. दोन्ही सिलिंडर गाडीच्या दोन्ही बाजूंना तिरके बाहेर आलेले, कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिलेल्या मावशीच्या कोपरांसारखे. थंडी असली की चालवणाऱ्याच्या गुडघ्यांना शेक मिळतो. मे महिन्यातही मिळतो.

या इंजिनातला मुख्य दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो. त्यामुळे गाडी उभी असताना थ्रॉटल पिरगाळला की ती उजवीकडे एक हिसका देते. गाडीला काही झालेलं नसतं. तो भौतिकशास्त्राचा नियम आहे. पण कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला वाटतं की शूटिंग करणारीचा हात हलला. हे स्पष्टीकरण मी इथे छापून ठेवते आहे, कारण आमच्या सासरच्या मंडळींचा अजून तोच समज आहे.

नवरा साताऱ्याचा. त्याच्या वडिलांकडे बजाजची स्कूटर होती. तेही मूळचं इटालियन रक्तच. आकुर्डीला १९६० च्या दशकात पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा तयार व्हायच्या आणि चेतकचा वंश तिथलाच. सकाळी ती स्कूटर एका अंगावर कलवायची, क्षणभर तशीच धरायची, सरळ करून किक मारायची, हा विधी महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने घराबाहेर पडण्याआधी केला आहे. वडील गाडी कलवत. मुलाची गाडी स्वतःहून कलते. पिढीगणिक श्रम कमी होतात म्हणतात ते असं.

सासरे लेक्कोला आले तेव्हा नवऱ्याने त्यांना मोठ्या अभिमानाने कारखान्याच्या दाराशी नेलं. पोथी सुरू झाली. राव्हेल्ली झाला, गरुड झाला, वडिलांचं पत्र झालं. शेवटी सासऱ्यांनी विचारलं, "आता मालक कोण?"

"पियाज्जो. २००४ पासून."

"म्हणजे बारामतीचे? ॲपे रिक्षावाले?"

"बाबा, ते इटलीचे आहेत. बारामतीला त्यांचा फक्त कारखाना आहे."

"तेच म्हणतोय मी," सासरे म्हणाले. "चांगली गाडी. दहा माणसं बसतात."

त्या दिवशी नवरा जेवला, पण बोलला नाही.

आता दुरुस्ती. इथे मला या गाडीवर अन्याय करायचा नाही. जुन्या इटालियन गाड्यांबद्दल जगभर जे विनोद चालतात त्यातले बरेचसे गुत्सीला लागू होत नाहीत. चेन नाही, त्यामुळे ती ताणणं नाही, तेल पाजणं नाही. मागच्या चाकापर्यंत ताकद पोचवायला जीपला असतो तसा फिरता दांडा आहे. सिलिंडर बाहेर असल्यामुळे व्हॉल्व्हची फट तपासायची तर टाकी काढावी लागत नाही की इंजिन उतरवावं लागत नाही. शेजारी स्टूल टाकून बसायचं, झाकण काढायचं आणि मिलिमीटरच्या पाव भागाहूनही पातळ पत्ती आत सरकवून बघायची. सहज सरकली तर फट जास्त, अडकली तर कमी. अगदी अडकल्यासारखी होऊन सरकली तर बरोबर. हा "अडकल्यासारखी" शब्द नेमका काय दर्शवतो यावर माझं आणि नवऱ्याचं एकमत होत नाही, कारण पत्ती त्याच्या हातात असते.

पण ज्या डोक्याने व्हॉल्व्ह इतके सोपे ठेवले त्याच डोक्याने ऑइलचा फिल्टर इंजिनाच्या पोटात नेऊन बसवला. फिल्टर बदलायचा तर खालचं अख्खं ऑइलचं तसराळं काढावं लागतं आणि ते डझनावर बोल्टांनी धरलेलं असतं. शिवाय क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये. त्याची प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स बाहेर, गिअरबॉक्स बाहेर म्हणजे मागचं चाक बाहेर आणि मागचं चाक बाहेर म्हणजे माझी गाडी गॅरेजबाहेर, पावसात.

अशा वेळी आम्ही मांदेल्लोच्या एका आजोबांना बोलावतो. त्यांचा सगळा जन्म याच इंजिनांत गेला. ते येतात, खुर्ची मागतात, कॉफी मागतात आणि गाडी चालू करायला सांगून डोळे मिटतात. मग एक तळहात डाव्या सायलेन्सरच्या तोंडामागे धरतात, दुसरा उजव्याच्या. दोन्हीकडचे धक्के सारखे लागेपर्यंत कार्बुरेटरचा स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे. दोन्ही कार्बुरेटर देल्लोर्तोचे, सेरेन्यो गावचे. म्हणजे तेही शेजारचेच. नवऱ्याकडे हे काम करायला घड्याळासारखी दिसणारी दोन मापकं आहेत. आजोबांचं काम संपल्यावर तो ती गुपचूप लावून बघतो. काटे सारखेच असतात. त्याला त्याचं वाईट वाटतं.

इथवर सगळं सहन करण्यासारखं होतं. मग कॅमेरा आला.

कॅमेरा आल्यापासून आमच्याकडे प्रत्येक बोल्ट दोनदा उघडतो. एकदा खरा आणि एकदा कॅमेऱ्यासाठी. खरा उघडताना तो जाम असतो, पाना सटकतो, बोटाची साल निघते आणि सातारा जिल्ह्यात गुराढोरांना उद्देशून वापरतात ते शब्द बाहेर येतात. हा भाग कापला जातो. मग बोल्ट हाताने पुन्हा बसवायचा, फडक्याने पुसायचा, दिवा डावीकडून घ्यायचा आणि दोन बोटांनी अलगद फिरवत म्हणायचं, "हा सहज निघतो." पार्श्वभूमीला मँडोलिन. तयार झालेल्या फिल्ममध्ये फिल्टर बदलायला जेमतेम चहा होण्याएवढा वेळ लागतो. त्या दिवशी आम्ही रात्रीचं जेवण बाहेरून मागवलं होतं, हे तिथे दिसत नाही.

रस्त्यावरचं शूटिंग ही स्वतंत्र विद्या आहे. कॅमेरा कुठे लावायचा हा पहिला प्रश्न. हँडलवर लावला तर थरथर. आणि ही थरथर नुसती डोळ्यांना त्रास देणारी नाही. २०२१ मध्ये एका मोठ्या फोन कंपनीने जाहीर सांगितलं की ताकदवान मोटारसायकलच्या हँडलवर फोन बसवू नका. चित्र स्थिर ठेवणारी आतली नाजूक यंत्रणा त्या कंपनांनी कायमची बिघडू शकते. म्हणजे चित्र हलू नये म्हणून बसवलेली वस्तू हलल्यामुळे मोडते. नवऱ्याने ती सूचना वाचली आणि स्वतःचा फोन खिशात ठेवून माझा मागितला.

टाकीवर लावला तर सगळ्या प्रवासात फक्त टाकी दिसते. हेल्मेटच्या हनुवटीला लावला तर चित्र उत्तम येतं, पण चालवणारा जिकडे बघेल तिकडे प्रेक्षकाला बघावं लागतं, आणि आमचा चालवणारा प्रत्येक दुकानाच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघतो. ड्रोनचाही विचार झाला. कॅमेरा असलेला ड्रोन उडवायचा तर युरोपात चालकाची नोंदणी लागते, हे मी ताबडतोब शोधून काढलं. माझ्या आयुष्यात सरकारी नियमांचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

आवाजाचं दुखणं वेगळंच. या गाडीचा आवाज हाच तिचा दागिना. संथ, खोल, थोडा लंगडत चालल्यासारखा. पण ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे मायक्रोफोनमध्ये फक्त वारा भरतो. त्यावर उपाय म्हणून मायक्रोफोनला केसाळ टोपी घालतात आणि तो मागे, नंबर प्लेटजवळ बांधतात. मग गाडीचा आवाज येतो, पण नवऱ्याचा येत नाही. हा उपाय मला सगळ्यात आवडला.

आणि समोरून जाणाऱ्या गाडीचं दृश्य! एकटा मोटारसायकलवाला दूर क्षितिजाकडे निघून जातो, वळणाआड दिसेनासा होतो, असं आपण पडद्यावर बघतो तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वळणाआड गेल्यावर तो थांबतो, जागा बघून गाडी वळवतो आणि तिवई उचलायला परत येतो. सव्वादोनशे किलोच्या आसपासची गाडी घाटातल्या अरुंद रस्त्यावर वळवणं सोपं नसतं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. पडद्यावर एकदाच चढलेला घाट गाडीने प्रत्यक्षात वर-खाली-वर असा चढलेला असतो. मला तिवईच्या जागी नेमलं ते त्यामुळे. तिवईला ऊन लागत नाही, हा फरक हिशेबात धरला गेला नाही.

बेल्लाज्जोहून वर गिझाल्लोच्या खिंडीत जाणारा रस्ता त्याचा लाडका. वर मादोन्ना देल गिझाल्लोचं छोटं देऊळ आहे. या देवीला १९४९ साली पोपनी सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. आत भिंतीवर फाउस्तो कोप्पी, जिनो बार्ताली अशा थोरांच्या सायकली टांगलेल्या आहेत. साहजिकच त्या चढावर सायकलवाल्यांची रीघ असते. सत्तरीचे गृहस्थ घट्ट कपडे घालून, घाम गाळत, वाकून चढत असतात आणि वळणावर गाडी उभी करून कॅमेऱ्याचा कोन जमवणाऱ्या माझ्या नवऱ्याला मागे टाकतात. जाताना "बंद पडली का?" असं आपुलकीने विचारतात. तो चालू शॉट असतो.

गाडी थांबली की दुसरी एक गोष्ट होते. कुठूनतरी एक म्हातारा उगवतो. या भागात हे हटकून होतं. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, सिलिंडरवर हात ठेवतो (तापलेले असतात, पण त्याला काही होत नाही) आणि सांगायला लागतो. त्याच्याकडे अशीच होती. किंवा भावाकडे होती. किंवा तो कारखान्यात चाकं जोडायच्या विभागात होता आणि हे चाक कदाचित त्यानेच जोडलं असेल. गाडीवरून तो हनीमूनला कुठे गेला, परत येताना पाऊस कसा लागला, बायकोने घटस्फोटाची धमकी कुठल्या पुलावर दिली, सगळं सांगतो. नवरा नम्रपणे ऐकतो आणि मनातल्या मनात उन्हाचा हिशेब करतो. रात्री संकलनात हा म्हातारा पहिला उडतो. माझं मत विचाराल तर त्या तासाभराच्या चित्रीकरणात बघण्यासारखी गोष्ट तेवढीच असते. मी ते कापलेले तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये साठवते आहे. त्यातला एक आजोबा गाणंही म्हणतो.

उन्हाळ्यात स्तेल्व्हिओ होतो. कार्लो दोनेगानी या इंजिनिअरने १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी बांधलेला हा घाट पावणेतीन हजार मीटरच्या वर चढतो. प्रातोच्या बाजूने ४८ वळणं, प्रत्येकाला क्रमांक दिलेला. फिरत्या दांड्याच्या गाडीचा एक स्वभाव इथे कळतो. थ्रॉटल दिला की तिची मागची बाजू वर उचलली जाते आणि एकदम सोडला की खाली बसते. म्हणून ऐन वळणात घाबरून थ्रॉटल सोडायचा नाही. आत शिरण्याआधीच काय ते ठरवायचं आणि मग ठरवलेलं निभवायचं. नवरा इथे खरोखर चांगला चालवतो. बोलत नाही, काचा शोधत नाही, कॅमेऱ्याची बॅटरी कधीच संपलेली असते आणि त्याला ते माहीत नसतं. मागे बसून मी जेवढे घाट पाहिले त्यातले चांगले सगळे असे बॅटरी संपल्यानंतरचे आहेत.

तयार झालेली फिल्म साताऱ्याला जाते. कुटुंबातली सगळी मंडळी ती बघतात, म्हणजे सुरुवातीचा गरुड बघतात आणि मग पुढे ढकलतात. आत्येसासूबाई विचारतात की तिथे थंडी फार आहे का, हा एवढे कपडे का घालतो. मामेसासरे दरवेळी एकच प्रश्न विचारतात: "ॲव्हरेज किती देते?" नवरा दोन दिवस कोणाचे फोन घेत नाही. प्रश्न रास्त आहे. पेट्रोलचं ॲव्हरेज मला ठाऊक नाही, पण एका मिनिटाच्या फिल्ममागे किती इटालियन रविवार लागतात ते मी सांगू शकते. सांगत नाही, कारण संसार करायचा आहे.

मागच्या हिवाळ्यात एक गंमत झाली. टी-३ ला गॅस्केटचा संच, क्लचची केबल आणि तो पोटातला फिल्टर हवा होता. सगळं मिळालं, नवंकोरं, दुकानदाराने यादी न बघता काढून दिलं. त्याच आठवड्यात कॅमेऱ्याची बॅटरी फुगली. कॅमेरा काही जुना नव्हता, मी हिशेब केला तर आमच्या मिक्सरपेक्षा लहान. कंपनीने कळवलं की हे मॉडेल आता बंद झालं आहे, त्याची बॅटरी मिळणार नाही, नव्या मॉडेलवर सवलत आहे. पन्नाशीला टेकलेली मोटारसायकल पहिल्या बटणाला चालू होते आणि तिच्या आठवणी जपायला आणलेलं यंत्र मयत. तेव्हा कोणी सल्ला विचारलाच तर माझा निवाडा हा: जुनी इटालियन मोटारसायकल खुशाल घ्या, फिल्टर बदलायच्या दिवशी स्वयंपाक करू नका आणि कॅमेऱ्याचे पैसे त्या म्हाताऱ्यांना कॉफी पाजण्यात घालवा.

आमच्याकडे अर्थातच सवलतीतला नवा कॅमेरा आला आहे. लेक्को-बेल्लाज्जोकडे येणं झालं आणि वळणावर फोन धरून उभी असलेली एक मराठी बाई दिसली, तर थांबा, ओळख द्या, जवळ भाकरवडी असेल तर तीही द्या. फक्त हॉर्न वाजवू नका. आवाज रेकॉर्ड होत असतो, आणि मग तो सगळा घाट परत चढावा लागतो.